संत गिनफोर: फ्रान्समधला श्वान-संत आणि त्याच्याकडे लेकरं नेणाऱ्या आया (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तेराव्या शतकात फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या उत्तरेला, दोंब नावाच्या तळ्यांच्या मुलखात, एका शिकारी कुत्र्याला संत मानत. पोपने त्याला कधी मान्यता दिली नाही. एका धर्मोपदेशकाने त्याची हाडं उकरून जाळली. तरी पुढची सहाशेहून जास्त वर्षं आया आपली आजारी लेकरं घेऊन त्याच्या रानात जात राहिल्या. हा विषय निघाला की लोक बहुतेक कुत्र्याबद्दल विचारतात. उत्तरं देताना मी मुद्दाम त्या आयांकडे जास्त वळले आहे, कारण त्यांच्यावाचून हा संत झालाच नसता.

गिनफोर खरोखर कुत्रा होता? की ही नंतर कुणी उठवलेली वावडी?

खरोखर कुत्रा. ग्रेहाउंड जातीचा, लांब पायांचा, नजरेने सावज टिपून धावणारा. त्या काळी असे कुत्रे सरदारांकडे असत. शेतकऱ्याच्या दारात ग्रेहाउंड दिसायचा नाही. आणि वावडी म्हणावं, तर ज्याने हे सगळं लिहून ठेवलं तो या भक्तीचा कट्टर विरोधक होता. कौतुक करणाऱ्याने लिहिलं असतं, तर मीठमसाला लावला असेल अशी शंका घेता आली असती. इथे लिहिणारा संतापून लिहितो आहे, आणि संतापातही बारकावे सोडत नाही.

कथा काय आहे?

विलारच्या जहागिरीत, नव्हील गावाजवळ, एक गढी होती. गढीच्या धन्याला तान्हा मुलगा होता. एके दिवशी धनी आणि त्याची बायको बाहेर गेले, दाईही कुठेतरी गेली. बाळ पाळण्यात, जवळ फक्त कुत्रा. तेवढ्यात एक भलामोठा साप घरात शिरला आणि पाळण्याकडे सरकला. कुत्रा त्याच्या अंगावर धावून गेला. पाळण्याखालीच झुंज झाली, त्यात पाळणा उलटला. सापाने कुत्र्याला जागोजागी चावे घेतले, पण शेवटी कुत्र्याने त्याला फाडून लांब फेकून दिलं आणि तसाच, जखमी अंगाने, पाळण्यापाशी राखण करत उभा राहिला.

आधी दाई परतली. उलटा पाळणा, जमिनीवर रक्त, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तिने किंकाळी फोडली. ती ऐकून आई धावत आली, तिलाही तेच वाटलं. मग बाप आला. त्याने तलवार उपसली आणि कुत्र्याला मारलं. जवळ जाऊन पाहतात तो बाळ सुखरूप, गाढ झोपलेलं, आणि पलीकडे सापाचे तुकडे.

त्यांनी पश्चात्तापाने कुत्र्याला गढीच्या दारासमोरच्या विहिरीत ठेवलं, वर दगडांचा ढीग रचला आणि आठवण म्हणून भोवती झाडं लावली. पुढे गढी ओस पडली, जमीन पडीक झाली. धनी गेला, त्याचा वंश गेला, राहिली ती झाडं आणि त्या दगडांखालचा कुत्रा. आसपासच्या शेतकऱ्यांनी त्याला रक्तसाक्षी मानलं, म्हणजे निरपराध असून ज्याचं रक्त सांडलं तो. खेडुतांनी सरदाराच्या घराण्याची नव्हे, सरदाराने मारलेल्या मुक्या जिवाची आठवण जपली, हे मला या कथेत फार मोलाचं वाटतं.

अहो, ही तर आपली मुंगसाची गोष्ट!

अगदी तीच. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात, ही कथा आहे. देवशर्मा ब्राह्मणाची बायको आपल्या बाळाबरोबर मुंगसाच्या पोरक्या पिल्लालाही वाढवते, पण मनात धाकधूक असतेच, की जनावर ते जनावर. ती पाण्याला जाते, नवरा भिक्षेला निघून जातो, साप येतो, मुंगूस त्याला मारतं. घागर घेऊन परतलेल्या आईला दारातच मुंगूस सामोरं येतं, तोंड रक्ताने भरलेलं. ती भरलेली घागर त्याच्यावर घालते.

हितोपदेशात हीच गोष्ट थोडी बदलते. तिथे बायको नदीवर गेलेली असते, नवऱ्याला राजाकडून श्राद्धाचं बोलावणं येतं, आणि परतल्यावर मुंगसाला मारतो तो बापच. फ्रान्समध्ये तलवार उपसणाराही बाप. कोण मारतं हे बदलत गेलं. पण तोंडावरचं रक्त, आणि ते पाहून आत न डोकावता घेतलेला निर्णय, हे दोन्ही कुठेच बदललेलं नाही.

लोककथांचे अभ्यासक जगभरच्या कथांना क्रमांक देतात, त्यात या कथेचा क्रमांक 178अ आहे. वर्गवारीत तिची ओळख मात्र निरपराध कुत्र्याची कथा अशी आहे. शाळेत मुंगसावर हळहळलेल्या आपल्यासारख्यांना ते थोडं लागतंच.

पण आपल्याकडची गोष्ट तिकडे पोहोचली कशी?

पुस्तकांच्या पाठीवर बसून, आणि माणसांच्या तोंडून. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रौ अनुशिरवान याच्या दरबारातल्या बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेलं. तिथून ते सिरियाकमध्ये गेलं, आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्याचं अरबी रूप केलं, ते ‘कलीला व दिम्ना’. अरबीतून हिब्रू, हिब्रूतून लॅटिन. लॅटिन भाषांतर जॉन ऑफ कापुआ याचं, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

तारखा जुळवून पाहिल्या तर हे लॅटिन भाषांतर आपल्या फ्रेंच कथेला उशिराचं ठरतं. तेव्हा कथा दुसऱ्या वाटेने आधीच पोहोचली होती. ती वाट ‘सात शहाण्यां’च्या कथाचक्राची. त्यात सावत्र आईने खोटा आळ घेतलेल्या राजपुत्राला देहदंड फर्मावला जातो, आणि तो टळावा म्हणून सात शहाणे राजाला रोज एकेक गोष्ट सांगतात. पश्चिम युरोपातल्या आवृत्त्यांत पहिल्या शहाण्याची गोष्ट हीच आहे: सरदार, पाळणा, साप आणि कुत्रा. राजा, घाई करू नकोस, हे सांगायला यापेक्षा नेमकी गोष्ट कुठून आणायची? बाराव्या शतकात हे कथाचक्र फ्रान्समध्ये चांगलंच रुळलेलं होतं. दोंबच्या खेडुतांनी ती ऐकली आणि आपल्याच रानातल्या एका ओसाड जागेला जोडली.

मुंगसाचा कुत्रा का झाला?

फ्रान्समध्ये मुंगूस नाही, इतकं साधं कारण. अरबी पुस्तकात मुंगसाच्या जागी विझलसारखा लांबट, चपळ प्राणी आला. पश्चिमेत सरदाराच्या घरात बाळाजवळ मोकळा वावरणारा प्राणी म्हटलं की कुत्राच. या बदलाने कथेचा भावही बदलतो. मुंगूस पाळलेलं असलं तरी रानचं, म्हणून ब्राह्मणीच्या मनात संशयाला जागा असते. कुत्र्यावर तर घराने पूर्ण भरवसा टाकलेला असतो, आणि एका क्षणात तो उडून जातो.

हे सगळं कुणी लिहून ठेवलं?

एत्येन द बुर्बों याने. डॉमिनिकन संघाचा साधू, ल्योंच्या मठातला, उपदेशक आणि इन्क्विझिटर, म्हणजे धर्मबाह्य समजुतींची चौकशी करणारा चर्चचा अधिकारी. 1261च्या सुमारास तो वारला. प्रवचनकारांना उपयोगी पडावीत म्हणून त्याने उदाहरणांचा मोठा लॅटिन संग्रह केला होता, त्यात अंधश्रद्धेवरच्या भागात गिनफोरचा मजकूर आहे.

तो सांगतो ते असं: या भागात शकुन-अपशकुनांविरुद्ध उपदेश करून मी कुमसार, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली, ऐकत बसलो होतो. बऱ्याच बायकांनी कबुली दिली की आम्ही मुलांना संत गिनफोरकडे नेलं होतं. मला वाटलं कुणी संत असेल, म्हणून चौकशी केली, तर तो निघाला कुत्रा.

त्या बायकांनी ही गोष्ट पाप म्हणून सांगितली की सहज बोलता बोलता, कोण जाणे. पण त्या बोलल्या म्हणून आपल्याला कळलं. त्यांचं स्वतःचं लिहिलेलं एक अक्षर नाही, नावंही नाहीत.

बायका तिथे नेमकं काय करायच्या?

हा भाग वाचवत नाही, पण टाळून चालणार नाही.

मूल खंगत चाललं, अंग धरेना, की आई त्याला घेऊन निघायची. आपल्याकडे जुन्या बायका ज्याला मुडदूस म्हणायच्या, तसं काहीसं झालेली ही मुलं असावीत. रानापासून कोसभर अंतरावरच्या एका वस्तीत एक म्हातारी राहायची. विधी तिला ठाऊक. ती आईला घेऊन त्या झाडांपाशी यायची.

आधी मीठ आणि आणखी काही वस्तू वाहायच्या. मग बाळाचे कपडे भोवतीच्या काटेरी झुडपांवर अडकवायचे आणि झाडाच्या खोडात खिळे ठोकायचे. नंतर उघड्या बाळाला दोन खोडांमधल्या फटीतून पलीकडे द्यायचं. अलीकडे आई, पलीकडे म्हातारी, असं नऊ वेळा. हे करताना रानातल्या भुताखेतांना साकडं घालायचं: हे मरतुकडं मूल तुमचं आहे, तुमचं तुम्ही घ्या आणि आमचं गुटगुटीत, जितंजागतं मूल आम्हाला परत द्या.

मग बाळाला झाडाच्या बुंध्याशी पाळण्यातल्या गवतावर उघडंच ठेवायचं. बरोबर आणलेल्या विस्तवावर दोन लहान मेणबत्त्या पेटवून वर खोडाला लावायच्या. आणि मेणबत्त्या जळून संपेपर्यंत आईने इतकं लांब जायचं की बाळ दिसू नये, त्याचं रडणं ऐकू येऊ नये.

एत्येन लिहितो की त्या मेणबत्त्यांमुळे काही बाळं तिथेच भाजून मेली, असं त्याला तिथल्याच लोकांनी सांगितलं. एका बाईने त्याला आणखी एक हकिकत सांगितली. साकडं घालून ती लांब गेली होती, तेवढ्यात रानातून एक लांडगा निघून बाळाच्या दिशेने जाताना तिला दिसला. तिच्याच्याने राहवलं नाही, ती धावली आणि बाळ वाचलं. विधी मोडून मागे फिरलेली ही बाई माझ्या डोक्यातून जात नाही.

परत आल्यावर बाळ जिवंत असलं तर त्याला जवळच्या शालारोन नदीवर न्यायचं आणि तिच्या वेगवान पाण्यात नऊ वेळा बुडवायचं. त्यातूनही जे तगलं त्याची आतडी फारच चिवट असली पाहिजेत, अशा अर्थाचं एत्येन लिहितो.

स्वतःच्या बाळाला असं सोडून जाणाऱ्या आया कसल्या?

एत्येनने त्यांना बालहत्या करणाऱ्या आया म्हटलं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट सांगायला हवं.

त्या काळच्या युरोपात जन्मलेल्या दर चार बाळांतलं साधारण एक वर्षाच्या आत दगावत असे. दोंबचा मुलूख तर दलदलीचा. तिथला हिवताप पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत कुप्रसिद्ध होता. खेड्यात वैद्य नाही, औषध नाही. पाजलेलं दूध अंगी लागत नाही, मूल डोळ्यांदेखत सुकत जातं आणि आईच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही.

अशा वेळी म्हातारी तिला काय सांगते? की हे तुझं मूल नव्हेच. तुझं धडधाकट बाळ रानातल्यांनी नेलं आणि आपलं किरटं इथे ठेवलं. मुलं बदलली जातात ही समजूत युरोपभर होती. ती धरली की बाकीचं सगळं ओघाने येतं: यांचं यांना परत द्यायचं, आपण लांब जायचं म्हणजे ते निर्धास्तपणे येऊन अदलाबदल करतील. तिच्या हिशेबी आई बाळाला टाकून जातच नव्हती, आपलं बाळ परत मिळवायला आली होती.

आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या लेकराचं नाव धोंडू, दगडू, केरू ठेवायचे. कुणाची नजर जाऊ नये, सटवाईलाही ते नकोसं वाटावं म्हणून. मूठभर धान्यावर मूल दुसऱ्याला ‘विकून’ परत घेण्याची रीतही होती. हे मूल आमचं नाही, किंवा घेण्याजोगं नाही, असं मृत्यूला पटवून देण्याची ती धडपड. दोंबच्या आयांची धडपड त्याच जातीची, पण कितीतरी जास्त धोक्याची.

मीठ, मेणबत्ती आणि पाणी या तिन्ही गोष्टी बाप्तिस्म्याच्या विधीतही होत्या, हेही लक्षात घ्यावं. त्या काळी बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या जिभेवर मीठ ठेवत. या बायका ख्रिस्तीच होत्या, चर्चला जाणाऱ्या, कुमसार करणाऱ्या. हाताशी जे पवित्र होतं तेच त्यांनी रानात नेलं.

इन्क्विझिटरने त्यांना जाळलं का?

नाही. इन्क्विझिशन म्हटलं की जाळलेल्या चेटकिणी डोळ्यांसमोर येतात, पण चेटकिणींचा तो मोठा छळ पंधराव्या शतकापासून पुढे वाढला. एत्येनच्या मजकुरात कुणा बाईला किंवा म्हातारीला शिक्षा केल्याचा उल्लेख नाही.

त्याने लोकांना त्या जागी जमवून प्रवचन दिलं. मग मेलेल्या कुत्र्याला उकरून काढायला लावलं, झाडं तोडली आणि झाडांबरोबर ती हाडंही जाळली. शिवाय त्या भागाच्या धन्यांकडून हुकूम काढवला, की यापुढे कुणी या कामासाठी इथे आलं तर त्याची मालमत्ता जप्त होईल.

एत्येन ज्या संघाचा, त्या डॉमिनिकन संघाच्या चिन्हात तोंडात पेटती मशाल धरलेला कुत्रा आहे. संत डॉमिनिकच्या आईला गरोदरपणी असा कुत्रा स्वप्नात दिसला, अशी आख्यायिका आहे. त्यामुळे कुत्रा हे पवित्र कामाचं प्रतीक असू शकतं हे एत्येनला ठाऊक होतं. त्याच्या दृष्टीने कुत्रा प्रतीक होऊ शकतो, पण देवापाशी कुणासाठी रदबदली करू शकत नाही.

एत्येनशी माझं भांडण आहे, पण एका बाबतीत त्याची बाजू घ्यावीच लागते. तिथे बाळं मरत होती, आणि ते थांबावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

कॅथलिक चर्चने गिनफोरला कधी संत मानलं होतं का? नंतर यादीतून काढलं असं ऐकलंय.

कधीच मानलं नाही, त्यामुळे काढायचा प्रश्नच नाही. सुरुवातीच्या शतकांत एखाद्याची भक्ती लोकांतून उभी राहायची आणि स्थानिक बिशप तिला मान्यता द्यायचे. पुढे हा अधिकार पोपकडे गेला आणि 1234मध्ये पोप नववे ग्रेगरी यांच्या कायदेसंग्रहात तो पक्का झाला. एत्येन दोंबमध्ये गेला तो याच बदलाच्या काळात. पण जुन्या रीतीनेही कुत्र्याला संतपद मिळालं नसतं. संत म्हणजे ख्रिस्ताच्या कृपेने पवित्र जीवन जगलेली व्यक्ती, आणि त्या व्याख्येत जनावर बसत नाही.

अधिकृत वाट किती लांबची असते हे वसईकरांना माहीत आहे. वसईचे गोन्सालो गार्सिया 1597मध्ये जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर मारले गेले, 1627मध्ये धन्यवादित झाले (ही संतपदाच्या आधीची पायरी) आणि 1862मध्ये संत. मृत्यूपासून संतपदापर्यंत 265 वर्षं! दोंबच्या शेतकऱ्यांनी आपल्या संतासाठी कुणालाच विचारलं नाही.

गिनफोर नावाचा माणूस संतही आहे ना?

आहे. इटलीतल्या पाविया शहरात त्याची भक्ती होती, रक्तसाक्षी म्हणून. त्याचा सण 22 ऑगस्टला. त्याचं नाव फ्रान्समध्येही काही ठिकाणी पोहोचलं होतं. नाव एक असलं तरी कुत्र्याची कथा या माणसाच्या चरित्रात कुठेही नाही. काही लेखांत दोघांची सरमिसळ केलेली आढळते, तेवढं सांभाळावं.

हाडं जाळल्यावर भक्ती संपली असेल?

उलट. कथेतली सर्वात थक्क करणारी गोष्ट हीच. 1870च्या दशकात एत्येनचा मजकूर छापून आला, तेव्हा वेसिएर नावाच्या स्थानिक अभ्यासकाने त्या जागेचा शोध घेतला. 1879मध्ये त्याने लिहिलं की साँद्राँ आणि शातीयोंच्या दरम्यान संत गिनफोरचं रान अजून त्याच नावाने ओळखलं जातं, लोक ताप आलेली, अशक्त मुलं अजूनही तिथे नेतात, आणि गिनफोर कुत्रा होता हेही त्यांना ठाऊक आहे. सहाशे वर्षांत त्या रानाने लढाया, साथी, फ्रेंच राज्यक्रांती असं सगळं पाहिलं होतं. या लोकांनी एत्येन वाचलेला नव्हता. आजीने नातीला, सासूने सुनेला सांगत सांगत ते नाव टिकलं.

बाळाला उघड्यावर सोडायचा भाग तोवर राहिला नव्हता. फांद्यांना गाठी मारण्यासारखे सौम्य प्रकार उरले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तिथे जाणाऱ्यांच्या आठवणी मिळतात. 1970च्या दशकात फ्रेंच इतिहासकार जाँ-क्लोद श्मिट तिथे फिरला, म्हाताऱ्या माणसांशी बोलला, आणि 1979मध्ये त्याने या श्वान-संतावर ग्रंथ लिहिला. आज गिनफोरवर जे काही गंभीरपणे लिहिलं जातं, ते या ना त्या प्रकारे श्मिटच्या कामावर उभं असतं.

साधूचा झगा घातलेल्या, तेजोवलय असलेल्या कुत्र्याची चित्रं जुनी आहेत का?

नाही, ती अलीकडची. त्या रानात मूर्ती नव्हती, चित्र नव्हतं. झाडं होती, दगड होते आणि काट्यांवर अडकवलेले बाळांचे कपडे होते.

अशा कथा आणखी कुठे जागेला जोडल्या गेल्या आहेत?

वेल्समधल्या बेडगेलर्ट गावी गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. तिथे राजा लेवेलिन, आणि सापाऐवजी लांडगा. ती समाधी मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या खानावळवाल्याने प्रवासी यावेत म्हणून उभी केली, असं मानलं जातं. लोक आजही तिथे उभे राहून डोळे पुसतात.

आपल्या शेजारी, छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात, खपरी गावी कुकुरदेवाचं देऊळ आहे. तिथली कथा बंजाऱ्याच्या कुत्र्याची. बंजारा कर्जापोटी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. सावकाराकडे चोरी होते, कुत्रा चोरीचा माल दाखवून देतो. खूश झालेला सावकार कर्ज फिटल्याची चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याला धन्याकडे पाठवतो. कुत्रा पळून आला असं समजून बंजारा त्याला मारतो आणि मग चिठ्ठी वाचतो. तिथेही लोक आजारपण घेऊन जातात, विशेषतः डांग्या खोकला आणि कुत्रं चावणं. निरपराध मारल्या गेलेल्या कुत्र्याकडेच दुखणं घेऊन जावंसं वाटणं हे फ्रान्समध्ये आणि छत्तीसगडमध्ये, एकमेकांचा पत्ता नसताना, दोन्हीकडे घडलं.

मग शेवटी ही अंधश्रद्धाच ना?

विधीबद्दल विचाराल तर हो, आणि जीवघेणी. तापलेल्या बाळाला वाहत्या पाण्यात बुडवणं, पेटत्या मेणबत्तीखाली एकटं ठेवणं यात जपण्यासारखं काहीही नाही. आजही कुठे पोटावर डागण्या देतात, कावीळ झाली की आधी मांत्रिकाकडे नेतात. तिथे थांबवायलाच हवं.

पण गिनफोरवर लिहिताना बरेच जण ‘काय मूर्ख लोक’ म्हणून हसून मोकळे होतात, तेव्हा मला राग येतो. एत्येनने झाडं तोडली, हाडं जाळली, दंडाची धमकी दिली. आजारी मुलाचं काय करायचं, याचं उत्तर मात्र त्याच्याकडेही नव्हतं, म्हणून बायका परत गेल्या. हिवताप हटला, दवाखाने आले, मुलं जगू लागली, तेव्हा रान आपोआप ओस पडलं.

आणि त्यांनी निवडलेला संत पाहा. सम्राट नाही, विद्वान नाही. बाळाच्या पाळण्यापाशी उभा राहून जीव दिलेला एक जीव. पोर जाईल या भीतीने रात्र रात्र बसलेल्या बाईला याच्याइतका जवळचा दुसरा कोण वाटला असता?

तिथे जाता येतं का?

येतं. ल्योंहून उत्तरेला दोंबच्या दिशेने निघायचं. वाटेत सुमारे हजार तळ्यांचा सपाट मुलूख लागतो. विलार-ले-दोंबचं पक्षी उद्यान प्रसिद्ध आहे. गिनफोरचं रान साँद्राँ गावच्या हद्दीत येतं. देऊळ, मूर्ती, जत्रा अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये, साधं रान आहे.

जवळच्या शातीयों-सुर-शालारोन गावात मात्र थांबावं. 1617मध्ये काही महिने तिथे एक धर्मगुरू होते, पुढे संत व्हिन्सेंट द पॉल म्हणून जगभर ओळखले गेले ते; त्यांच्या नावाची सोसायटी आपल्याकडच्या कित्येक पॅरिशमध्ये गरिबांसाठी काम करते. गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडले आहेत आणि त्यांच्याकडे बघायला कुणी नाही, असं त्यांनी प्रवचनात सांगितलं. त्या दिवशी दुपारी गावातल्या बायका इतकं अन्न घेऊन निघाल्या की रस्ता भरून गेला. एका दिवसात एवढं आणि उद्या काहीच नाही असं होऊ नये म्हणून व्हिन्सेंटनी त्या बायकांच्या पाळ्या लावून दिल्या आणि आजाऱ्यांची सेवा करणारं पहिलं मंडळ तिथे सुरू झालं. गिनफोरचं रान तिथून थोड्याच अंतरावर आहे, आणि त्या वर्षी तिथलं जाणं-येणंही चालूच असणार.